मोठे शिकारी सिक्लिड : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे ऑस्कर, जॅग्वार, रेड डेव्हिल आणि पीकॉक बास या माशांविषयी सर्वाधिक पत्रे आली. हे सर्व मासे सिक्लिड कुळातले, आकाराने मोठे, स्वभावाने शिकारी आणि आपल्याला अन्न देणाऱ्या माणसाला ओळखणारे आहेत. त्यामुळे त्यांचा लळा लवकर लागतो आणि त्यांचे हाल पाहताना जीवही तितकाच तुटतो. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी मी दोन इंच लांबीची तीन ऑस्कर पिल्ले आणून दोन फूट लांबीच्या टाकीत सोडली. आता प्रत्येक मासा सहा इंचांचा झाला असून त्यांना वळायलाही अडचण होते. मासा टाकीच्या मापाएवढाच वाढतो, असे मला पिल्ले घेताना सांगण्यात आले होते. ते खरे आहे का, आणि खरे नसेल तर मला किती मोठी टाकी लागेल?

उत्तर : ते खरे नाही, आणि या एका समजुतीमुळे जितके मासे अकाली मेले असतील तितके क्वचितच एखाद्या रोगाने मेले असतील. लहान टाकीत माशाची वाढ खुंटते हे दिसते खरे, पण ती खुंटते दूषित पाण्यामुळे आणि कोंडल्या जाण्यामुळे. मासा तेथे जागेचा अंदाज घेऊन समजूतदारपणे लहान राहत नसतो. पाठीचा कणा वाकणे, शरीराच्या मानाने डोळे मोठे दिसणे आणि आयुष्य निम्म्यावर येणे, ही त्या खुंटण्याची किंमत असते.

ऑस्करचे शास्त्रीय नाव अ‍ॅस्ट्रोनोटस ऑसेलॅटस असे असून तो दक्षिण अमेरिकेतील अमेझॉनच्या खोऱ्यातला मासा आहे. चांगल्या निगेत तो पहिल्या वर्षातच 20 ते 25 सेंटीमीटरपर्यंत जातो, पुढे 30 ते 35 सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगतो. येथे एक हिशेब प्रत्येक पालकाने स्वतः करून पाहावा. मासा लांबीबरोबर रुंदीने आणि जाडीनेही वाढतो, त्यामुळे 5 सेंटीमीटरचे पिल्लू 30 सेंटीमीटरचे झाले की लांबी सहापट होते, परंतु वजन सुमारे 216 पट होते. दुकानातल्या पिशवीत आपण जे पाहतो आणि वर्षा-दोन वर्षांनी आपल्या घरात जे असते, त्यांत एवढे अंतर असते. खाणे आणि मलमूत्र अगदी त्याच पटीत वाढत नसले, तरी जे पाणी पिल्लाला आठवडाभर पुरत होते ते मोठ्या माशाला एक दिवसही पुरत नाही.

एका पूर्ण वाढलेल्या ऑस्करसाठी 120 सेंटीमीटर लांब, 45 रुंद आणि 45 उंच अशी टाकी, म्हणजे सुमारे 240 लिटर पाणी, ही किमान मर्यादा समजावी. मला स्वतःला ही टाकीही अपुरीच वाटते, कारण 45 सेंटीमीटर रुंदीत एक फुटाहून लांब मासा जेमतेम वळतो. तिघांसाठी 180 सेंटीमीटर लांब आणि 60 सेंटीमीटर रुंद व उंच अशी टाकी लागेल. तिच्यात सुमारे 650 लिटर पाणी मावते, म्हणजे पाण्याचेच वजन 650 किलो, आणि काच, वाळू व स्टँड धरून ते 800 किलोच्या आसपास जाते. एवढा भार घराच्या वरच्या मजल्यावर ठेवण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतलाच पाहिजे. टाकी निवडताना उंचीपेक्षा लांबी-रुंदीला महत्त्व द्यावे, कारण या माशांना उंच पाण्याचा विशेष उपयोग नसतो. एवढी टाकी शक्य नसेल, तर तिघांपैकी दोघांसाठी आताच दुसरे योग्य घर शोधावे; ते आणखी वाढल्यावर घ्यायला कोणी पुढे येत नाही.

प्रश्न : माझ्याकडे पाच फुटी टाकीत दोन जॅग्वार सिक्लिड आहेत. फिल्टर मोठा आहे, मी तो दर आठवड्याला नळाखाली स्वच्छ धुतो आणि एक चतुर्थांश पाणीही बदलतो. तरीही फिल्टर धुतल्यानंतर दोन-तीन दिवस मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. पाणी तर अगदी नितळ दिसते.

उत्तर : आपण घेत असलेले कष्टच दुर्दैवाने या त्रासाचे कारण आहेत. पाणी नितळ दिसणे आणि पाणी शुद्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, पण माशाचे कल्ले जाळतो. पाण्याचा सामू (pH) आणि तापमान जितके जास्त, तितका त्याचा विषारी अंश वाढतो. जॅग्वार हा मध्य अमेरिकेतला, किंचित कठीण आणि अल्कधर्मी पाण्यात सुखाने राहणारा मासा असल्याने त्याच्या टाकीत हा धोका ऑस्करच्या मऊ पाण्यापेक्षा अधिक असतो.

फिल्टरमधील स्पंज आणि सच्छिद्र खडे यांवर जिवाणूंचा थर वाढतो. त्यांतील काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते. ते रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घालवते, म्हणून पाण्यात प्राणवायू असूनही मासा धापा टाकतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेले असते, तेव्हा त्या पाण्याखाली स्पंज स्वच्छ धुणे म्हणजे दर आठवड्याला फिल्टरचा जीवच काढून घेणे होय. नवा जिवाणूथर पुरता बसायला साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण त्याला सातच दिवस देता.

यापुढे स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच हलक्या हाताने पिळावा, एका वेळी अर्धाच भाग धुवावा आणि तोही पाण्याचा प्रवाह मंदावला तरच. अमोनिया आणि नायट्राइट यांचा चाचणी संच घरी ठेवावा. दोन्ही आकडे शून्य असले पाहिजेत. आता धापा टाकणे सुरू असताना रोज पाणी बदलावे आणि खाणे दोन दिवस बंद ठेवावे. नायट्राइट आढळल्यास लिटरमागे एक ग्रॅमपर्यंत साधे मीठ विरघळवून घालता येते, कारण मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

आता पाणी बदलण्याच्या प्रमाणाविषयी. समजा, आपल्या टाकीत नायट्रेट आठवड्याला लिटरमागे 20 मिलिग्रॅमने वाढते. दर आठवड्याला 25 टक्के पाणी बदलले, तर काही महिन्यांत ते चढत चढत, पाणी बदलण्यापूर्वी मोजल्यास, 80 मिलिग्रॅमवर स्थिरावते. निम्मे पाणी बदलले, तर 40 वर स्थिरावते आणि बदलल्यावर 20 वर येते. म्हणून मोठ्या शिकारी माशांच्या टाकीत आठवड्याला निम्मे पाणी बदलणे, क्लोरीन घालवून आणि तापमान जुळवून, हाच नियम मी पाळतो. फिल्टर कितीही मोठा असला तरी तो नायट्रेट पाण्याबाहेर नेत नाही. ते काम बादलीलाच करावे लागते.

याच संदर्भात बंद डब्याच्या, म्हणजे कॅनिस्टर फिल्टरविषयी एक सावधगिरी सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. एका रात्री वीज गेली आणि सकाळी ती परतल्यावर माझा फिल्टर आपोआप सुरू झाला. बंद डब्यात रात्रभर प्राणवायू न मिळाल्याने आतले जिवाणू मेले होते आणि ते सारे कुजके पाणी एकदम टाकीत आले. दुपारपर्यंत माझा नऊ वर्षांचा ऑस्कर गेला. त्या दिवसापासून बॅटरीवर चालणारा एअर पंप मी टाकीच्या खालीच ठेवतो, आणि वीज दोन तासांहून अधिक काळ गेली की कॅनिस्टर उघडून आतले साहित्य टाकीतल्याच पाण्यात, हवेच्या बुडबुड्यांजवळ ठेवतो.

प्रश्न : शिकारी मासे आहेत, तेव्हा त्यांना जिवंत मासेच द्यायला हवेत असे माझे मित्र म्हणतात. मी आठवड्यातून तीनदा लहान गोल्डफिश देतो. हे योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही, आणि याची कारणे केवळ भावनिक नाहीत. गोल्डफिशच्या शरीरात थायामिनेज नावाचे विकर असते आणि ते ब-1 जीवनसत्त्वाचा नाश करते. हाच आहार दीर्घकाळ राहिला, तर माशाच्या मज्जासंस्थेवर परिणाम होऊन तो तोल जाऊन पोहू लागतो. दुसरे असे की खाद्य म्हणून विकले जाणारे मासे दाटीवाटीने, उपाशी आणि आजारी अवस्थेत ठेवलेले असतात. त्यांच्याबरोबर परजीवी आणि रोगजंतू थेट आपल्या माशाच्या पोटात जातात. ज्या माशाची पाण्यापासून हीटरपर्यंत आपण एवढी काळजी घेतो, त्याच्या घशात आपणच रोग सोडावा, हे मला पटत नाही.

निसर्गातही हे मासे फक्त माशांवर जगत नाहीत. ऑस्करच्या नैसर्गिक आहारात कीटक आणि कवचधारी जलचरांचा वाटा मोठा असतो. सर्व सिक्लिडांना तोंडातल्या जबड्याखेरीज घशातही जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढचा जबडा भक्ष्य पकडतो आणि घशातला जबडा ते चिरडून आत ढकलतो. म्हणूनच हा मासा कठीण कवचाचे खाद्यही सहज फोडतो. चांगल्या प्रतीचे, माशांचे आणि कवचधाऱ्यांचे प्रथिन असलेले गोळीखाद्य हा रोजचा मुख्य आहार असावा. त्याच्या जोडीला सोललेली कोळंबी, शिंपल्यांतले मांस, कीटकनाशक न मारलेल्या जमिनीतली गांडुळे आणि पांढऱ्या मांसाच्या माशांचे तुकडे आलटून पालटून द्यावेत. काही कोळंबी आणि शिंपल्यांतही थायामिनेज असते, म्हणून कोणत्याही एकाच पदार्थावर विसंबू नये. गाई-म्हशींचे काळीज किंवा इतर सस्तन प्राण्यांचे मांस मात्र टाळावे. त्यातली चरबी माशाला नीट पचत नाही आणि यकृतात साठते.

मोठ्या माशाला दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडवावा. ऑस्कर काचेशी येऊन शेपूट हलवत अन्न मागतो तेव्हा नाही म्हणणे अवघड जाते, हे मी जाणतो. पण ते मागणे भुकेपेक्षा सवयीचे असते. जिवंत माशांची सवय लागलेला मासा सुरुवातीला गोळ्यांकडे पाहतही नाही. निरोगी, भरल्या अंगाचा मोठा मासा एक आठवडा उपाशी राहिला तरी त्याला अपाय होत नाही, तेव्हा पालकाने न डगमगता रोज फक्त थोड्या गोळ्या दाखवाव्यात आणि न खाल्लेल्या लगेच काढून घ्याव्यात.

प्रश्न : नव्या टाकीत हलवल्यापासून माझा ऑस्कर तळाशी आडवा पडून राहतो. रंग फिका झाला आहे. तो मरणार आहे का?

उत्तर : श्वास संथ आणि नियमित असेल, अंगावर जखम किंवा डाग नसतील आणि अमोनिया व नायट्राइट शून्य असेल, तर घाबरू नये. जागा बदलली किंवा टाकीतली मांडणी बदलली तरी ऑस्कर असा रुसून आडवा पडतो. दिवा दोन दिवस बंद ठेवावा, टाकीत हात घालू नये आणि खाण्याचा आग्रह करू नये. तो आपणहून उठेल.

प्रश्न : माझ्या रेड डेव्हिलने सोबतचे चार मासे मारले. त्याच्याबरोबर कोणते मासे ठेवता येतील?

उत्तर : आपल्या रेड डेव्हिलबरोबर कोणतेही नकोत, असे माझे स्पष्ट मत आहे. हा निकारागुवातील सरोवरांतला मासा आपल्या क्षेत्राचे रक्षण करण्यासाठी लढतो, आणि सरोवरात हरलेल्या माशाला दूर पळून जाता येते, टाकीत येत नाही. जे वर्तन तेथे दहा सेकंदांच्या पाठलागावर संपते, ते येथे मृत्यूवर संपते. त्याला दुष्ट ठरवण्यात अर्थ नाही. एकटा ठेवलेला असा मासा माणसाकडे अधिक लक्ष देतो, आणि माझ्या अनुभवात तो अधिक काळ निरोगी राहतो.

ऑस्करच्या स्वभावात सोबत सहन करण्याची तयारी अधिक असते. सहा फुटी टाकीत त्याच्याबरोबर सिल्व्हर डॉलर माशांचा थवा चांगला राहतो, मात्र ते तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे असले पाहिजेत. तळाशी राहणारे लहान काटेरी कॅटफिश, उदाहरणार्थ कोरीडोरस, कधीही ठेवू नयेत. ऑस्कर ते गिळायला जातो, कॅटफिश आपले काटे ताठ करतो, ते घशात अडकतात आणि दोघेही मरतात.

अशा टाकीची मांडणी करताना जड दगड आधी तळाच्या काचेवर, पातळ फोमचा थर देऊन, पक्के ठेवावेत आणि वाळू नंतर घालावी. वाळूवर ठेवलेला दगड हे मासे खालून उकरून काढतात आणि तो काचेवर कोसळतो. हीटरला जाळीचे संरक्षण आणि टाकीला वजनदार झाकण असावे.

प्रश्न : ऑस्करच्या डोक्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले असून ते वाढत आहेत. कोणते औषध घालावे?

उत्तर : औषधाआधी पाणी आणि आहार तपासावा. साचलेले नायट्रेट, एकसुरी आणि जीवनसत्त्वांची उणीव असलेले खाद्य, दीर्घकाळचा ताण आणि आतड्यांतील स्पायरोन्यूक्लियससारखे परजीवी, यांपैकी एकाहून अधिक कारणे बहुधा एकत्र असतात. तीन-चार आठवडे आठवड्यातून दोनदा निम्मे पाणी बदलावे आणि आहारात विविधता आणावी. पुष्कळदा खड्ड्यांची वाढ एवढ्यानेच थांबते, जरी खोल व्रण राहून जातात. विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी येत असेल आणि मासा खाणे सोडत असेल, तर मेट्रोनिडाझोल हे औषध उपयोगी पडते. ते माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि शक्य तेव्हा खाद्यातून द्यावे.

प्रश्न : माझ्या जॅग्वारच्या जोडीने सपाट दगडावर अंडी घातली आहेत. नर मादीला सतत मारतो आहे. काय करावे?

उत्तर : आज संध्याकाळची वाट न पाहता टाकीच्या मध्ये जाळीदार पडदा बसवावा. प्लॅस्टिकच्या चौकोनी जाळीतून पाणी मोकळे वाहते आणि दोघांना एकमेकांचे अस्तित्वही जाणवते, परंतु दात पोहोचत नाहीत. मादी परत अंडी घालायला तयार असल्याचे दिसेपर्यंत नराला तिच्याकडे सोडू नये.

पिल्ले वाढवण्याआधी त्यांचे पुढे काय करणार, हे ठरवावे. या माशांची एका वेळची अंडी हजारांत असतात, आणि एवढ्या माशांना मोठ्या टाक्या देणारी माणसे सापडत नाहीत. आई-बाप पंखांनी वारा घालत अंड्यांची राखण करतात आणि बाहेर पडलेल्या पिल्लांना खड्ड्यातून खड्ड्यात हलवतात, ते दृश्य पाहिलेला माणूस विसरत नाही. तरीही घरे निश्चित नसतील तर अंड्यांचा दगड पहिल्याच दिवशी काढून टाकणे मी योग्य मानतो.

प्रश्न : माझ्या पीकॉक बासची लांबी दीड फूट झाली आहे आणि सहा फुटी टाकी त्याला अपुरी पडते. घराजवळच्या तलावात त्याला मोकळे सोडले, तर तो सुखाने जगेल असे वाटते. आपले मत काय?

उत्तर : आपल्या पत्रातली कळकळ मला समजते, तरीही तसे कधीही करू नये. एकतर पाणी थंड असेल तर तो हालहाल होऊन मरेल. आणि पाणी उबदार असेल तर तो जगेल, हे अधिक वाईट. पनामातील गाटुन सरोवरात 1960 च्या दशकात पीकॉक बास शिरला. थॉमस झारेट आणि रॉबर्ट पेन या संशोधकांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तो पसरलेल्या भागांतून मूळच्या लहान माशांच्या अनेक जाती जवळजवळ नाहीशा झाल्याचे आणि त्याचे परिणाम सूक्ष्म जलचरांपासून मासे खाणाऱ्या पक्ष्यांपर्यंत पोहोचल्याचे दाखवले. फ्लोरिडातील कालव्यांत आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत आज ऑस्करही कायमचा वस्तीला आहे. मूळच्या माशांना या शिकाऱ्याची ओळख नसते, म्हणून ते त्याच्यापासून पळतही नाहीत.

पीकॉक बासच्या सर्वांत मोठ्या जातीची लांबी एक मीटरच्या जवळ जाते, आणि मध्य अमेरिकेतला वुल्फ सिक्लिड 70 सेंटीमीटरपर्यंत पोहोचतो. हे मासे घरातल्या टाकीचे नाहीतच, असे माझे मत होत गेले आहे. ज्यांच्याकडे काही हजार लिटरचा, उबदार आणि गाळणीची व्यवस्था असलेला हौद आहे, त्यांनीच ते पाळावेत. आपण मोठ्या माशांचे अनुभवी पालक, सार्वजनिक मत्स्यालये आणि ज्यांच्याकडून मासा घेतला ते विक्रेते, या सर्वांकडे विचारणा करावी. नकार बहुतेक ठिकाणी येईल, म्हणून शोध आजच सुरू करावा. तोवर आठवड्यातून दोनदा निम्मे पाणी बदलावे आणि खाद्य कमी करावे, म्हणजे वाट पाहण्याचा काळ त्याला सुसह्य होईल.

घर मिळाले की हलवण्याआधी दोन दिवस खाणे बंद ठेवावे, म्हणजे प्रवासात पाणी घाण होणार नाही. जाळ्यात त्याचे काटे आणि जबडा अडकून जखमा होतात, म्हणून तो पाण्यासकट मोठ्या डब्यात घ्यावा. झाकण घट्ट बांधावे, डब्यात बॅटरीवरचा एअर पंप लावावा आणि वरून जाड कापड टाकून अंधार करावा. फिल्टरमधला जुना स्पंजही टाकीच्या पाण्यात भिजवून सोबत द्यावा. नव्या टाकीतल्या पाण्याची घडी त्यामुळे लवकर बसेल.